खाड्यांच्या देशांतून आगगाडीनें

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त नॉर्वे देशांत असतो. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें तेथील एका डोंगरी आगगाडीचीं छायाचित्रें घरीं पाठविलीं, आणि पुढें दोन दिवस आमच्या माजघरांत दुसरा विषय नव्हता. काळेभोर कडे, त्यांवरून उड्या घेणारे शुभ्र प्रपात, तळाशीं आरशासारखें निश्चल पाणी, आणि या सर्वांमधून वळणें घेत उतरणारी हिरव्या रंगाची ती इवलीशी गाडी! वडीलधाऱ्या मंडळींनीं चष्मे पुसून पुसून तीं चित्रें पाहिलीं. मुलांनीं, "आपल्याकडे असें कांहीं आहे का?" म्हणून विचारलें. त्यावर आमच्या थोरल्या वहिनींनीं एका वाक्यांत निकाल दिला : "आधीं आपलें कोंकण पाहा, मग नॉर्वेचें बोला."

निकाल योग्यच होता. आमचें घराणें घाटावर येऊन सहा पिढ्या झाल्या. कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. लग्नामुंजींत त्याचें नांव घेऊन नारळ ठेवावयाचा, अक्षत द्यावयाची, आणि प्रत्यक्ष दर्शन मात्र पिढींतून एखाद्यालाच घडावयाचें, असा आमच्यासारख्या कित्येक नगरकर घरांचा परिपाठ आहे. तेव्हां मार्गशीर्षांत, पंचाहत्तरी ओलांडलेल्या काकूंपासून सात वर्षांच्या नातवापर्यंत बारा माणसें, आम्ही आगगाडीनें कोंकणांत जाऊन आलों. त्या प्रवासांत जें पाहिलें आणि त्यानिमित्तानें जें वाचलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम फ्योर्ड म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कारण आपल्याकडे हा शब्द सरसकट 'खाडी' म्हणून उरकला जातो. कोणे एके काळीं उत्तर युरोप बर्फाखालीं गाडला गेला होता. तें बर्फ स्थिर नव्हतें. हिमनदीच्या रूपानें तें डोंगरांवरून समुद्राकडे अत्यंत मंद गतीनें सरकत असे, आणि सरकतांना आपल्या पोटाखालीं दगडधोंडे घासत नेत असे. सुतारानें पटाशीनें लाकूड कोरावें, तसे या हिमनद्यांनीं डोंगर कोरून काढले. पाण्याच्या नदीनें कोरलेली दरी तळाशीं अरुंद असते. हिमनदीनें कोरलेली दरी तळाशीं रुंद आणि बाजूंस भिंतीसारखी उभी असते. पुढें बर्फ वितळलें, समुद्राची पातळी चढली आणि या दऱ्यांत समुद्र शिरला. नॉर्वेंतील सोग्ने फ्योर्ड दोनशें किलोमीटरांहून अधिक आंत गेलेला असून त्याची खोली एके ठिकाणीं १३०० मीटरांवर आहे. आमच्या जिल्ह्यांतील कळसुबाईचें शिखर १६४६ मीटर उंच. तें उचलून त्या पाण्यांत ठेवलें तर जेमतेम साडेतीनशें मीटर डोकें वर निघेल.

पुतण्यानें ज्या गाडीचीं चित्रें पाठविलीं ती याच फ्योर्डच्या एका शाखेच्या टोंकाशीं उतरते. ८६७ मीटर उंचीवरच्या मिर्दाल स्थानकावरून ती निघते आणि अवघ्या २० किलोमीटरांत पाण्याच्या कांठच्या फ्लाम नांवाच्या खेड्यास पोंचते. वाटेंत २० बोगदे. त्यांपैकीं १८ माणसांनीं हातांनीं खोदलेले. चढ कांहीं ठिकाणीं १८ स १, म्हणजे अठरा पावलें चालतां एक पाऊल वर. ही गाडी धांवूं लागली ती १९४० सालीं, जर्मन सैन्यानें तो देश व्यापल्यानंतर. तिच्यांतून आज जगभरचे प्रवासी जातात, परंतु ती बांधली गेली ती कांहीं देखावे दाखविण्यासाठीं नव्हे. फ्योर्डकांठच्या लोकांना मुख्य लोहमार्गाशीं जोडावें म्हणून. हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्या कोंकणांत हिमनद्या कधीं नव्हत्या. तेथल्या दऱ्या साध्या नद्यांनीं कोरल्या आहेत, म्हणून त्या उथळ आहेत आणि त्यांचे कांठ सौम्य आहेत. परंतु समुद्र चढला तो एकट्या नॉर्वेंत चढला नाहीं. उत्तरेकडील बर्फ वितळून जें पाणी सागरांत आलें त्यानेंच सावित्री, वासिष्ठी, शास्त्री यांच्या मुखांतही प्रवेश केला आणि नद्यांच्या खाड्या केल्या. भूगोलाचे पंडित दोहोंसही बुडालेल्या दऱ्याच म्हणतात. तेव्हां फ्योर्ड आणि कोंकणची खाडी या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी खास आहेत.

मौज अशी कीं, आपल्या परंपरेंत याच्या बरोबर उलट कथा आहे. परशुरामानें बाण सोडून समुद्र मागें हटविला व कोंकणची भूमि मोकळी केली. रघुवंशाच्या चवथ्या सर्गांत कालिदासानें या कथेचा मोठ्या चातुर्यानें उपयोग केला आहे. अपरान्त जिंकावयास निघालेलें रघूचें सैन्य सह्याद्रीशीं पसरलें, तेव्हां परशुरामाच्या अस्त्रानें दूर सारलेला समुद्र जणूं पुनः सह्याला येऊन लागला, अशी ती उत्प्रेक्षा आहे. हा श्लोक आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविला. परंतु भरतीचें पाणी नदीच्या वाटेनें डोंगराच्या दिशेस कसें चढत येतें, हें चिपळूणजवळ गोवळकोटास पाहिलें तेव्हां ती उत्प्रेक्षा केवळ कविकल्पना नसावी असें वाटूं लागलें.

नगर जिल्ह्याची पश्चिम सीमा म्हणजे सह्याद्रीचीच धार होय, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. अकोले तालुक्यांतील रतनगड, हरिश्चंद्रगड हे आमचेच. हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यावर पालथें पडून खालीं पाहिलें म्हणजे सारें कोंकण पायांखालीं दिसतें. पण दिसणें वेगळें आणि पोंचणें वेगळें. कल्याणहून मुरबाडवरून, माळशेज घाट चढून नगरास लोहमार्ग आणावा ही मागणी आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. सर्वेक्षणें झालीं, निवेदनें गेलीं, घाटांतून गाडी मात्र आलेली नाहीं. ज्यास धीर शिकावयाचा असेल त्यानें आमच्या नगर-परळी मार्गाकडे पाहावें : १९९५ सालीं मंजूर झालेल्या त्या मार्गावर आष्टीपर्यंत गाडी २०२२ त व बीडपर्यंत २०२५ त पोंचली. असो. आम्हां नगरकरांस, म्हणजे आतां अहिल्यानगरकरांस, कोंकणांत उतरावयाचें तर १८७८ सालीं खुल्या झालेल्या दौंड-मनमाड मार्गानें दौंडास, तेथून पुण्यास आणि पुढें बोरघाटानें, असा वळसा घ्यावा लागतो.

या बोरघाटाविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. आपण दर खेपेस लोणावळ्यास चिक्की घेतों, कर्जतास वडे खातों, आणि या दोन खाण्यांच्या मध्यें केवढें काम होऊन गेलें आहे याचा विचार करीत नाहीं. घाटाचें काम सुरू झालें १८५६ सालीं आणि गाडी धांवली १८६३ सालीं. सुमारें २५ किलोमीटरांत १८३१ फूट उतार, चढ ३७ स १, बोगदे २५. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले. पहिला ठेकेदार १८५९ सालीं मजुरांच्या दंग्यानंतर काम सोडून गेला. त्याच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा ठेकेदार विलायतेहून आला. तो येथें येतांच थोड्याच दिवसांत आजारानें वारला. अशा वेळीं परमुलुखांत आलेल्या त्याच्या पत्नीनें काय करावें? परतीचें जहाज गांठावें, असें कोणीही म्हणाला असता. त्या ॲलिस ट्रेडवेल बाईनें ठेका सोडला नाहीं. दोन अनुभवी इंजिनियर हाताशीं धरून तिनें तें काम शेवटास नेलें. आमच्या घरांतील मुलींना ही गोष्ट फार आवडली. 'मग तिचें नांव पुस्तकांत का नाहीं?' या धाकटीच्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

परंतु एकट्या बाईचें कौतुक करून थांबणें बरें नव्हे. १८६१ सालीं या घाटांत एके वेळीं ४२,००० पर्यंत मजूर खपत होते. कड्यावरून दोर सोडून, त्याला लोंबकळत सुरुंगाचीं भोंकें पाडणारीं माणसें होतीं तीं. पटकीच्या सांथी आल्या, सुरुंग उडाले, दोर तुटले. किती दगावले याचे आंकडे निरनिराळे सांगतात. सहस्रावधि गेले याविषयीं दुमत नाहीं. त्यांतील एकाचेंही नांव आज घाटांत वाचावयास मिळत नाहीं. पूर्वीं घाटाच्या मध्यावर गाडीचें तोंड फिरवावें लागे. तें 'रिव्हर्सिंग' स्थानक १९२९ सालीं नवे बोगदे होऊन सुटलें. आतां गाडी सरळ उतरते. चढतांना मागून जादा इंजिनें जोर लावतात, उतरतांना ब्रेकांची कसून परीक्षा होते. खंडाळ्याच्या पुढें डावीउजवीकडे दऱ्या उघडूं लागल्या, तशीं मुलें खिडकीवरून हालेनात.

त्या रात्रीं पनवेलीस आप्तांकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं मांडवी एक्सप्रेस गांठली. कोंकण पाहावयाचें तर दिवसाचीच गाडी धरावी. रात्रीच्या गाडीनें माणूस पोंचतो, एवढेंच.

आतां जुनें कोंकण आठवावें. आमच्या आजोबांच्या पिढीला गुहागरास जावयाचें तर एक तर कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट उतरावा लागे, नाहीं तर मुंबईस जाऊन आगबोटींत बसावें लागे. बोटींतून उतरून पडावांत, पडावांतून उतरून लोकांच्या खांद्यावर, आणि मग ओल्या वस्त्रांनीं किनाऱ्यावर, अशी ती यात्रा असे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यानंतर कित्येक घरांत 'बोटीनें नको' असा दंडकच पडला. कुलदैवताचें दर्शन पिढ्यान्‌पिढ्या राहून गेलें त्याला श्रद्धेची उणीव कारण नव्हती; वाट नव्हती.

वाट व्हावी म्हणून ज्यांनीं आयुष्य वेचलें त्यांत अ. ब. वालावलकर यांचें नांव पहिलें घ्यावें लागेल. 'कोंकण रेल्वे' हा शब्द ऐकून लोक हंसत, त्या काळीं त्यांनीं हा ध्यास घेतला. पुढें लोकसभेंत बॅरिस्टर नाथ पै यांनीं व त्यांच्यामागून प्रा. मधु दंडवते यांनीं हा प्रश्न लावून धरला. १९८९ च्या अखेरीस जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री व दंडवते अर्थमंत्री असा योग जुळून आला, आणि १९९० सालीं कोंकण रेल्वे महामंडळ स्थापन झालें. केंद्र सरकारचा भाग ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकीं ६. बाकीचा पुष्कळसा पैसा रोखे काढून लोकांकडून उभा केला. कामाची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे दिली. २६ जानेवारी १९९८ रोजीं संबंध मार्ग खुला झाला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकुरपर्यंत सुमारें ७४० किलोमीटर, लहानमोठे पूल २००० च्या घरांत, बोगदे ९० वर.

इतके बोगदे आणि इतके पूल कां? मुलांना आम्हीं हाताचा पंजा टेबलावर पसरावयास सांगितला. मनगट म्हणजे सह्याद्रि; बोटें म्हणजे त्यापासून निघून समुद्राकडे गेलेले डोंगराचे फांटे; बोटांमधल्या फटी म्हणजे नद्या. आतां या बोटांवरून आडवी पेन्सिल न्यावयाची. बोट आलें कीं बोगदा, फट आली कीं पूल. रस्ता वर चढून खालीं उतरूं शकतो. परंतु या मार्गाच्या शिल्पकारांनीं असें ठरविलें होतें कीं, १५० स १ याहून अधिक चढ कोठेंही ठेवावयाचा नाहीं. बोरघाटाचा ३७ स १ आणि फ्लामचा १८ स १ यांच्याशीं तुलना केली म्हणजे हा निश्चय किती कडक होता तें कळतें. गाडी वेगानें जावी म्हणून हा आटापिटा. डोंगरास वळसा नाहीं, डोंगरावर चढणें नाहीं, आरपार जाणें.

कठीण खडकांत खोदण्यासाठीं स्वीडनमधून यंत्रें आणलीं होतीं. खडकानें फारसा त्रास दिला नाहीं. त्रास दिला तो मातीनें. नऊ बोगदे मऊ, पाण्यानें भिजलेल्या चिकणमातींतून काढावे लागले. तेथें यंत्र चालेना. हातांनींच खोदावें लागे, आणि खोदलेलें पुनः भरून येई. गोव्याच्या सीमेवरील पेडण्याच्या बोगद्यानें तर सर्व मार्गाचें उद्घाटन अडवून धरलें. माणसेंही गेलीं. बोरघाटापेक्षां येथें एक गोष्ट बरी झाली : जे कामावर मेले त्यांचें स्मारक रत्नागिरीच्या स्थानकापाशीं उभें केलें आहे.

पनवेल सोडल्यावर पहिले दोन तास तसे साधेच जातात. कारखाने, वीटभट्ट्या, नव्या वसाहती. कोलाड गेलें, कुंडलिका गेली, आणि डाव्या हातास सह्याद्रीची भिंत जवळ सरकूं लागली. दक्षिणेकडे जातांना डोंगर डावीकडे व समुद्र उजवीकडे, हें लक्षांत ठेवून जागा घ्याव्या. दुपारनंतर उजवीकडे ऊन लागतें. समुद्र मात्र गाडींतून दिसत नाहीं, हें मुलांना आधींच सांगून ठेवावें, नाहीं तर निराशा होते. वीर, करंजाडी, विन्हेरे. मग नातूवाडीचा चार किलोमीटरांवर लांब बोगदा, आणि त्याच्या पलीकडे जगबुडीकांठचें खेड. आमच्या काकूंनीं प्रत्येक मोठ्या बोगद्यांत रामरक्षा सुरू करावयाचा नेम केला होता. दर वेळीं ती अर्धी होण्याच्या आंत उजेड येई आणि काकूंस पुनः पहिल्यापासून आरंभ करावा लागे. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर आहे. २०१३ सालीं काश्मीरांतील पीर पंजाळचा बोगदा खुला होईपर्यंत हिंदुस्थानांत याहून लांब आगगाडीचा बोगदा नव्हता. तेथें मात्र काकू पुष्कळ पुढें गेल्या.

मध्यें चिपळुणास आम्ही उतरलों आणि दोन दिवस गुहागरास राहिलों. देवदर्शनाचें वर्णन करण्याचें हें स्थळ नव्हे. एवढेंच लिहितों कीं, सहा पिढ्यांनंतर आमच्या घरच्या सर्व सुनांनीं एकदम व्याडेश्वराची ओटी भरली, आणि काकू मंदिरांतून लवकर उठल्या नाहींत.

तिसऱ्या दिवशीं पुढें निघालों. संगमेश्वराजवळ शास्त्री नदी लागते. १६८९ सालीं संभाजी महाराज येथेंच मोंगलांच्या हातीं सांपडले. गाडीला तें ठाऊक नसतें, ती दोन मिनिटें थांबून निघते. मग रत्नागिरी. बोरघाटाचें काम ज्या १८५६ सालीं सुरू झालें, त्याच सालीं रत्नागिरीस टिळकांचा जन्म झाला. मुंबईहून गाडी पुण्यास आणण्यासाठीं सात वर्षें पुरलीं. त्याच मुंबईहून टिळकांच्या जन्मगांवीं गाडी न्यावयास आणखी सुमारें १४० वर्षें जावीं लागलीं. घाटावर कापूस होता, लष्कर होतें. कोंकणांत आंबे, नारळ आणि मुंबईस जाणारीं माणसें होतीं. हिशेब उघड आहे.

रत्नागिरीच्या पुढें लगेच पानवल नदीचा पूल येतो. सर्व प्रवासांत एकच देखावा पाहावयाचा असेल तर तो हा. मधला खांब ६४ मीटर उंच, पुलाची लांबी ४२४ मीटर. दरींत खालून पाडे बांधून असा पूल करणें दुर्घट, म्हणून एका कांठावर तुकडे ओतून ते थोडे थोडे पुढें ढकलीत नेले. हिंदुस्थानांत ही रीति येथें प्रथम वापरली. गेल्या वर्षांत, २०२५ च्या जूनमध्यें, काश्मीरांत चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल खुला झाल्यापासून पानवलचें नांव मागें पडलें, पडो. बोगद्याच्या अंधारांतून गाडी एकाएकीं मोकळ्या हवेंत येते, खालीं झाडांचे शेंडे दिसतात, क्षणभर आपण पक्ष्याच्या जागीं आहों असें वाटतें, आणि कोणी कांहीं बोलण्याच्या आंत पुनः डोंगर. नातवानें विचारलें, "संपला?" नॉर्वेंतील गाडी देखाव्यासाठीं मुद्दाम धबधब्यापाशीं थांबते. आपल्या गाड्या थांबत नाहींत; त्यांना पुढच्या स्थानकावरच्या माणसांची काळजी असते, आणि तेंच योग्य आहे. काचेच्या छताचा एक डबा २०१७ पासून जनशताब्दी गाडीस जोडूं लागले. ज्यांस देखावाच पाहावयाचा आहे त्यांची सोय झाली.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला ती. 'कोंकण पाहावें तर पावसांत' असें जो तो म्हणतो, आणि धबधब्यांचीं चित्रें एकमेकांस पाठवितो. पण त्याच पावसानें या मार्गावर काय केलें आहे तें विसरूं नये. २२ जून २००३ च्या रात्रीं वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासाहून अधिक माणसें मरण पावलीं. दुसऱ्याच वर्षीं, १६ जून २००४ रोजीं, वीर-करंजाडीच्या दरम्यान मत्स्यगंधा गाडी रुळांवर आलेल्या शिळांमुळें घसरली आणि सुमारें वीस जण गेले. कारण असें कीं, वर जांभा दगड, त्याखालीं मऊ माती. रुळांसाठीं मध्यें उभा काप घेतला कीं पावसाचें पाणी जांभ्यांतून झिरपून मातीस भिजवितें आणि वरचा भार निसटतो. निसर्गानें जो उतार शतकानुशतकें बसवीत आणला, तो आपण चार वर्षांत तोडला. तो पुनः आपला मेळ बसवूं पाहतो.

या दोन अपघातांनंतर पुष्कळ उपाय झाले. कापांचे उतार सौम्य केले, लोखंडी जाळ्या बसविल्या, वाळ्यासारखें खोल मुळांचें गवत लावलें. पावसाळ्यापुरतें वेगळें वेळापत्रक निघूं लागलें. त्यांत गाड्या मुद्दाम हळू चालवितात, आणि पाऊस फार होऊन पुढचें दिसेना झाल्यास वेग ताशीं ४० किलोमीटरांवर आणावा असा चालकांस हुकूम असतो. आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे पायीं गस्त घालणारा माणूस. आपण डब्यांत पांघरूण ओढून निजलेले असतों, त्या वेळीं अंगावर कांबळें नाहीं तर रेनकोट, हातांत दिवा, जवळ तांबडें निशाण आणि रुळांवर लावावयाचे इशाऱ्याचे फटाके घेऊन हा गँगमन धो धो पावसांत रूळ तपासत चालत असतो. साप, विंचू, बिबट्या यांच्या वस्तींतून. माती सरकलेली दिसली तर येणारी गाडी थांबविणें हें त्याचें काम. असा एक प्रौढ गँगमन आम्हांस एका लहान स्थानकावर भेटला. "भीति नाहीं वाटत?" असें आमच्या वहिनींनीं विचारतां तो म्हणाला, "गाडी सुखरूप गेली कीं मग वाटते, वहिनी. तोंवर वेळच नसतो." वहिनींनीं डब्यांतले चार लाडू त्याच्या हातावर ठेवले.

इतकें करूनही निसर्ग ऐकतोच असें नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं वासिष्ठीस पूर आला, चिपळूण बुडालें, आणि ठिकठिकाणीं थांबविलेल्या गाड्यांतून सुमारें सहा हजार प्रवासी अडकले. २०२४ च्या जुलैंत पेडण्याच्या त्याच जुन्या बोगद्यांत रुळांवर पाणी व चिखल येऊन वाहतूक बंद पडली, आणि आठवड्याच्या आंतच दिवाणखवटीजवळ दरड आली. अशा वेळीं वर्तमानपत्रांत प्रवाशांच्या संतापाचीं पत्रें येतात. आमचें मत विचाराल तर, ज्या दिवशीं गाडी खोळंबली त्या दिवशीं व्यवस्था चालू होती असें समजावें. २००३ सालीं कोणीही खोळंबलें नव्हतें.

दुसरी तक्रार मात्र आम्हांस खरी वाटते. या मार्गासाठीं सहस्रावधि कोंकणी कुटुंबांनीं जमिनी दिल्या. कलमें गेलीं, घरें गेलीं. दूरदूरच्या प्रांतांना जाणाऱ्या कित्येक गाड्या त्यांच्या दारावरून शिट्टी देत जातात आणि थांबत नाहींत. स्थानकांचीं नांवेंही पाहावींत : संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. नांवापुढें 'रोड' दिसला कीं गांव अद्याप दूर आहे असें समजून सामान आवरावें. रात्रीं-अपरात्रीं म्हाताऱ्या माणसास घेऊन अशा स्थानकावर उतरणें आणि रिक्षावाल्याची विनवणी करणें हें सुखाचें काम नव्हे. फ्लामची गाडी मुळांत फ्योर्डकांठच्या लोकांसाठीं बांधली, असें वर म्हटलें तें याचसाठीं. एकेरी रुळांमुळें गाड्या वाढवितां येत नाहींत, हें उत्तर खरें आहे. पण मग रूळ दुहेरी करण्याचें काम रोहा ते वीर एवढ्यावरच कां थांबून राहावें, हा प्रश्न उरतोच.

सावंतवाडी गेली, पेडण्याचा बोगदा गेला, आणि गोव्यांत शिरल्यावर देखावा पालटला. येथवर गाडी नद्यांना त्यांच्या बाल्यांत ओलांडत होती. येथें त्या समुद्राच्या उंबरठ्यावर भेटतात. थिवींच्या पुढें मांडवी, करमळीच्या पुढें जुवारी. पाणी इतकें रुंद कीं पैलतीरचे माड काडीएवढे दिसावे. कांठावर खारफुटी, मध्यें होड्या, पश्चिमेकडे उतरता सूर्य. पुतण्याच्या चित्रांतले कडे येथें नव्हते. परंतु डोंगरांतून निघालेलें पाणी आणि सागरांतून आलेलें पाणी एकमेकांत मिसळतांना जें एक स्तब्धपण असतें तें तेंच होतें. याहून मोठी खाडी पाहावयाची तर कर्नाटकांत होन्नावरास जावें. तेथें शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरांहून लांब आहे. आमच्याजवळ तेवढी रजा नव्हती, म्हणजे मुलांच्या शाळेस नव्हती.

जाणारांसाठीं दोन गोष्टी. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. डोंगर तोंवर अगदींच वाळलेले नसतात आणि दरडींचें भय सरलेलें असतें. तिकिटांचें आरक्षण साठ दिवस आधीं खुलें होतें. गणपतीच्या व होळीच्या दिवसांत तें पाहतां पाहतां संपतें, म्हणून त्या दिवसांत हौसेच्या प्रवाशांनीं कोंकणच्या माणसाची जागा अडवूं नये. कर्त्या वृद्धांस एका दमांत मडगांवपर्यंत नेऊं नये. चिपळुणास अगर रत्नागिरीस मुक्काम करावा. पाणी व फराळ घरचा असावा, तरी मांडवी गाडींतील खाणें वाईट नसतें असें आमच्या घरांतील तरुण मंडळींचें मत पडलें. काकूंनीं तें तपासून पाहिलें नाहीं.

परत आल्यावर आम्हीं पानवलच्या पुलाचें चित्र नॉर्वेस धाडलें. घरांत हल्लीं निराळाच वाद चालू आहे. पुढच्या खेपेस आषाढांत जाऊं, धबधबे पाहूं, असें काकू म्हणतात. त्यांस आम्हीं अद्याप होकार दिलेला नाहीं.